शेंगेन व्हिसा आणि युरोपातल्या सीमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी म्युनिकला राहते. जानेवारी सरत आला की फोनवर प्रश्नांची रांग लागते: मे महिन्याच्या सुट्टीत यायचंय, अर्ज कुठे करू, आईला किती दिवस ठेवून घेता येईल, लंडन आधी करू की पॅरिस. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा लिहीत बसण्यापेक्षा ती एकदा नीट मांडावीत म्हणून हे पान. प्रश्न लोकांनी पाठवलेलेच आहेत, मी फक्त शब्द आवरून घेतले. उत्तरं भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांसाठी आहेत. फी आणि कागदपत्रांची यादी अधूनमधून बदलते, तेव्हा अर्ज भरण्याआधी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाकाच.

१. शेंगेन म्हणजे नक्की काय? युरोपियन युनियन आणि शेंगेन एकच का?

एकच नाहीत, आणि निम्मे घोटाळे इथेच सुरू होतात. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं छोटं गाव. १४ जून १९८५ ला तिथे ‘प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड’ नावाच्या बोटीवर बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स या पाच देशांनी आपसातली सीमातपासणी उठवण्याचा करार केला. प्रत्यक्षात तपासणी उठायला मार्च १९९५ उजाडला.

आज शेंगेनमध्ये २९ देश आहेत. त्यातले २५ युरोपियन युनियनचे आहेत. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन हे चार युनियनमध्ये नसूनही शेंगेनमध्ये आहेत. उलट आयर्लंड आणि सायप्रस युनियनमध्ये आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. ब्रिटन दोन्हींत नाही. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला आत आला. रोमानिया आणि बल्गेरिया विमान आणि समुद्रमार्गासाठी ३१ मार्च २०२४ ला आले, तर रस्ता आणि रेल्वेसाठी १ जानेवारी २०२५ ला. घरात एखादं जुनं गाइडबुक असेल तर त्यातली यादी वापरू नका.

२. भारतीय पासपोर्टवर यातल्या कुठल्या देशात व्हिसाशिवाय जाता येतं?

शेंगेनच्या २९पैकी एकाही देशात नाही. पण एका देशाने दिलेल्या शेंगेन व्हिसावर बाकीचे २८ही फिरता येतात. शेंगेनबाहेरच्या काही देशांत तुमच्या शेंगेन व्हिसाच्या जोरावर जाता येतं, ते प्रश्न १४ मध्ये आहे. काही मंडळी अजून सर्बियाचं नाव घेतात. भारतीयांसाठीची ती सवलत १ जानेवारी २०२३ पासून बंद झाली.

३. पाच देश फिरायचे आहेत. अर्ज कोणाकडे करायचा?

जिथे सर्वात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. दोन देशांत सारखेच दिवस असतील, तर त्यांतल्या ज्या देशात आधी पाऊल टाकणार त्याच्याकडे. उदाहरणार्थ पॅरिस ३ रात्री, स्वित्झर्लंड ४ रात्री, इटली ३ रात्री असतील तर अर्ज स्वित्झर्लंडकडे.

‘अमुक देश पटकन व्हिसा देतो म्हणून तिथून काढला’ असं सर्रास सांगितलं जातं. त्यासाठी खोटी हॉटेलं दाखवून मिळवलेला व्हिसा सीमेवर रद्द होऊ शकतो. शिवाय पुढच्या प्रत्येक अर्जाच्या वेळी ती नोंद आडवी येते. करू नका.

४. व्हिसा हातात आला. त्यावर बघायचं काय?

हा प्रश्न खरं तर सर्वांनी विचारायला हवा, पण विचारतात फार थोडे. पासपोर्ट परत आला की त्याच दिवशी, शांतपणे, चष्मा लावून स्टिकर वाचा. नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक तर जुळायलाच हवेत, चूक असेल तर ती निघण्याआधीच दुरुस्त करून घ्या. त्यानंतर तीन गोष्टी पाहा.

पहिली, तारखा: कधीपासून कधीपर्यंत. दुसरी, राहण्याचे दिवस. तिसरी, एंट्री किती: ०१, ०२ की ‘मल्ट’, म्हणजे मल्टिपल.

पहिल्या दोन गोष्टी एकच आहेत असं समजून लोक फसतात. समजा तुमची सहल १० मे ते २४ मे अशी १५ दिवसांची आहे. स्टिकरवर तारखा १० मे ते ८ जून आणि दिवस १५ असं असेल. वरचे पंधरा दिवस विमान लांबलं, सहल पुढे ढकलली तर म्हणून दिलेले असतात. राहायचे मात्र एकूण १५च. ८ जूनपर्यंत तारीख आहे म्हणून कोणी मावशीकडे आणखी आठवडाभर राहिलं, तर तो बेकायदा मुक्काम होतो.

‘कुठे चालेल’ या रकान्यात ‘शेंगेन देश’ हे शब्द व्हिसा देणाऱ्या देशाच्या भाषेत छापलेले असतात. तिथे फक्त एक-दोन देशांचीच नावं असतील, किंवा ‘शेंगेन देश’नंतर उणेचं चिन्ह आणि एखाद्या देशाचं संक्षिप्त नाव असेल, तर तुमचा व्हिसा मर्यादित आहे. उणे केलेल्या देशात जाता येणार नाही.

५. व्हिसा इटलीचा आहे, मग पहिल्यांदा इटलीतच उतरायला हवं का?

नाही, तसा नियम नाही. फ्रँकफर्टला उतरून पुढे मिलानला जाता येतं. फक्त तिथला अधिकारी ‘व्हिसा इटलीचा, मग इथे कसे?’ असं विचारू शकतो. पुढचं तिकीट आणि इटलीतल्या हॉटेलांची आरक्षणं छापून हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. फोनची बॅटरी नेमकी त्याच वेळी संपते.

६. अर्ज कधी करायचा, फी किती, आणि सगळ्यांनी जायला हवं का?

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. शाळांच्या सुट्ट्यांमुळे एप्रिल ते जूनच्या अपॉइंटमेंट्स फार लवकर भरतात. मे महिन्यात यायचं असेल तर मी तरी फेब्रुवारीच्या पुढे थांबू देत नाही.

११ जून २०२४ पासून फी मोठ्यांना ९० युरो आणि ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे, सहा वर्षांखालच्यांना नाही. ती रुपयांत भरायची असते, आणि अर्जकेंद्राचा सेवाआकार वेगळा. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही.

पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. ते ५९ महिने चालतात. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत.

७. बँकेत किती पैसे दाखवायचे? आणखी काय काय लागतं?

सगळ्या देशांना लागू असा एकच आकडा नाही. प्रत्येक देश दिवसाला किती खर्च धरायचा ते स्वतः ठरवतो. पण आकड्याइतकंच ते पैसे कसे आले हेही पाहिलं जातं. पगार दर महिन्याला जमा होतोय, खर्च होतोय, थोडं शिल्लक पडतंय, असं खातं बोलकं असतं. अर्जाच्या आठ दिवस आधी भावाकडून चार लाख उसने आणून भरले की त्या एका नोंदीनेच शंका येते. मोठी रक्कम खरीच आली असेल, म्हणजे एफडी मोडली किंवा जमीन विकली, तर त्याचा कागद सोबत लावा.

बाकी नेहमीचंच: पगाराच्या स्लिपा, आयटीआर, कंपनीचं रजेचं पत्र, तिकिटांचं आणि हॉटेलांचं आरक्षण, कव्हर लेटर. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालावा आणि त्यात दोन कोरी पानं असावीत. मूल एकाच पालकाबरोबर किंवा आजी-आजोबांबरोबर येत असेल तर न आलेल्या पालकाचं संमतीपत्र आणि जन्मदाखला लागतो.

निवृत्त आई-वडिलांसाठी पेन्शनचा कागद, घराची कागदपत्रं आणि मुलांचं पत्र (प्रश्न १६).

८. लग्नानंतर नाव बदललं. पासपोर्टवर एक, दाखल्यांवर दुसरं. अडचण येईल का?

पासपोर्टवर जे आहे तेच खरं. अर्ज, तिकीट, विमा सगळं अक्षर न् अक्षर त्याप्रमाणे. आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव अशी तीन पदरी पद्धत. पासपोर्टमध्ये मधलं नाव बहुतेक वेळा ‘गिव्हन नेम’च्या रकान्यातच असतं. तिकीट काढताना ते गाळू नका.

अर्जात ‘जन्माच्या वेळचं आडनाव’ असा वेगळा रकाना आहे. तिथे माहेरचं आडनाव लिहा. काही घरांत लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात. तसं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि असल्यास गॅझेटची प्रत जोडा, कव्हर लेटरमध्ये दोन ओळींत सांगा. लपवण्यासारखं त्यात काही नाही. न सांगितल्यामुळेच प्रश्न उभे राहतात.

९. ९०/१८० चा नियम एकदा नीट समजावून सांगा.

कोणत्याही १८० दिवसांत शेंगेनमध्ये जास्तीत जास्त ९० दिवस. हे १८० दिवस जानेवारी ते जून असे ठरलेले नसतात, ते रोज एक दिवस पुढे सरकतात. आत असलेल्या प्रत्येक दिवशी मागे वळून पाहायचं: आजचा दिवस धरून गेल्या १८० दिवसांत मी किती दिवस आत होते? उत्तर ९० च्या वर जाता कामा नये. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात.

एका ताईंनी विचारलेलं उदाहरण घेऊ. त्यांच्या आईकडे मल्टिपल एंट्रीचा व्हिसा आहे. त्या १० जानेवारी २०२६ ला आल्या आणि ९ मार्चला परत गेल्या. जानेवारीचे २२, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ९, एकूण ५९ दिवस. आता १ जुलैला पुन्हा यायचंय. १ जुलैपासून मागचे १८० दिवस ३ जानेवारीपर्यंत जातात, म्हणजे ५९ च्या ५९ दिवस हिशेबात आहेत. ताई म्हणाल्या, मग आईला ३१च दिवस राहता येईल.

नाही. इथेच खिडकी सरकते. ९ जुलैला १० जानेवारीचा दिवस हिशेबातून गळतो. तिथून पुढे रोज एक नवा दिवस जमा होतो आणि एक जुना गळतो, त्यामुळे आकडा ६७ वर अडून राहतो. ५ सप्टेंबरला मार्चचा शेवटचा दिवसही गळतो. मग आकडा पुन्हा रोज एकाने वाढतो आणि २८ सप्टेंबरला ९० भरतात. म्हणजे आईंना १ जुलैपासून पूर्ण ९० दिवस राहता येतं. अट एकच: स्टिकरवरच्या तारखा आणि दिवस तेवढे असायला हवेत.

हाच हिशेब उलटही फिरतो. सलग ९० दिवस राहिलात तर पुढचे ९० दिवस बाहेर काढावेच लागतात, पाच वर्षांचा व्हिसा असला तरी. पाच वर्षांचा व्हिसा म्हणजे पाच वर्षं येण्याजाण्याची मुभा, पाच वर्षं राहण्याची नव्हे. युरोपियन कमिशनच्या संकेतस्थळावर यासाठी कॅल्क्युलेटर आहे. तारखा टाकून तिकीट काढण्याआधी खात्री करून घ्या.

१०. एका देशातून दुसऱ्या देशात जाताना पासपोर्ट दाखवावा लागतो का?

एरवी नाही. पण ‘तपासणी नाही’ म्हणजे ‘पासपोर्ट नको’ असं समजू नका. नियमानुसार देशांना आपसातल्या सीमेवर तात्पुरती तपासणी सुरू करता येते आणि बरेच देश ती करतात. फ्रान्समध्ये २०१५ पासून ती सतत चालू आहे. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर सुरू केली.

साल्झबुर्गहून म्युनिकला येणारी गाडी फ्राइलासिंगला थांबते. पोलीस डब्यात चढतात आणि एकेकाचा पासपोर्ट पाहतात. माझ्या समोरच बसलेल्या एका मराठी कुटुंबाचे पासपोर्ट ‘हरवायला नकोत’ म्हणून म्युनिकच्या हॉटेलच्या तिजोरीत होते. फोनमधले फोटो पुरले नाहीत. सगळ्यांना खाली उतरवलं, लहान मुलगी रडत होती, पुढचा अर्धा दिवस खुलाशात गेला. दुसऱ्या देशात एका दिवसासाठी जात असलात तरी मूळ पासपोर्ट अंगावर हवा.

११. लंडनसाठी वेगळा व्हिसा लागतो का? लंडन आधी करावं की मध्ये?

वेगळा लागतोच. शेंगेन व्हिसावर ब्रिटनमध्ये जाता येत नाही आणि ब्रिटनच्या व्हिसावर शेंगेनमध्ये येता येत नाही.

लंडन सहलीच्या सुरुवातीला किंवा शेवटी ठेवा. मुंबई–लंडन–पॅरिस–स्वित्झर्लंड–रोम–मुंबई यात शेंगेनची एकच एंट्री लागते. लंडन मध्ये घातलं की पॅरिसहून बाहेर पडणं आणि पुन्हा आत येणं, म्हणजे दोन एंट्री. पॅरिस–लंडन रेल्वेने जाताना फ्रान्सची निर्गमन तपासणी आणि ब्रिटनची प्रवेश तपासणी दोन्ही पॅरिसच्या गार द्यू नॉर स्थानकातच गाडीत बसण्याआधी होतात. विमानासारखं वेळेच्या बरंच आधी पोहोचा.

आयर्लंडचाही व्हिसा वेगळा. मात्र भारतीयांसाठी ब्रिटन आणि आयर्लंडची एक संयुक्त सोय आहे. अल्पमुदतीच्या व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ अशी नोंद असेल तर तो दोन्ही देशांत चालतो. पहिला प्रवेश व्हिसा देणाऱ्या देशात करायचा.

१२. माझा व्हिसा एकाच एंट्रीचा आहे. कुठे जाणं धोक्याचं?

एकदा शेंगेनच्या बाहेर पाऊल पडलं की एक एंट्रीचा व्हिसा संपला, मग त्यावर वीस दिवस शिल्लक असोत. आणि बाहेर पाऊल पडतं ते नकळत.

सर्वात फसवी जागा म्हणजे क्रोएशियातलं डुब्रोव्हनिक. माझे मामा-मामी तिथे गेले होते. हॉटेलच्या खालीच एका टूरवाल्याने कोटोरची एक दिवसाची बससहल विकली. दोन-अडीच तासांचं अंतर, सुंदर खाडी, संध्याकाळी परत. कोटोर मॉन्टेनेग्रोत आहे, ते शेंगेनमध्ये नाही, हे विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि यांना ठाऊक नव्हतं. सीमेवर क्रोएशियाच्या बाजूच्या बाई अधिकाऱ्याने मामांचा पासपोर्ट उघडला, स्टिकरवरच्या ०१ वर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘आज परत यायचंय ना? मग येता येणार नाही.’ तिने शिक्का मारला नाही. दोघं बसमधून उतरले, टॅक्सी करून परत आले. सहलीचे पैसे बुडाले, पण डुब्रोव्हनिकहून परतीचं विमान वाचलं. दुसऱ्या कोणी न बघता शिक्का मारला असता तर सामान हॉटेलात आणि माणसं सीमेपलीकडे अशी गत झाली असती.

त्याच किनाऱ्यावर दुसरी एक जागा आहे. स्प्लिटहून डुब्रोव्हनिकला जाणारा जुना रस्ता नेऊमपाशी काही किलोमीटर बॉस्नियातून जातो. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाट्स पूल झाला आणि आता क्रोएशियातूनच जाता येतं. बस पुलावरून जाते की नेऊमवरून, हे तिकीट काढताना विचारा. गाडी भाड्याने घेतली असेल तर जीपीएसवर मार्ग तपासून घ्या.

भूमध्य समुद्रातल्या क्रूझचंही तसंच. बार्सिलोना किंवा अथेन्सहून निघून मध्ये तुर्कस्तानच्या बंदराला लागणारं जहाज शेंगेनबाहेर जातं. अशा वेळी अर्ज करतानाच क्रूझचा मार्ग जोडून मल्टिपल एंट्री मागा.

१३. व्हॅटिकन, मोनॅको, लिख्टेनश्टाइन, अँडोरा, यांचं काय?

व्हॅटिकन आणि सॅन मरिनो इटलीच्या पोटात आहेत, मोनॅको फ्रान्सच्या कुशीत. तिघांतही फ्रान्स किंवा इटलीतून सरळ जाता येतं. लिख्टेनश्टाइन शेंगेनमध्येच आहे.

अँडोराचं वेगळं. तिथे विमानतळ नाही, फ्रान्स किंवा स्पेनमधूनच जायचं. अँडोराला स्वतःचा व्हिसा नको, पण तो शेंगेनबाहेर आहे. परत येण्यासाठी निदान दोन एंट्री हव्यात.

उत्तरेला नॉर्वेची स्वालबार बेटं आणि डेन्मार्कची ग्रीनलँड आणि फॅरो बेटं शेंगेनमध्ये नाहीत. ध्रुवीय प्रकाश पाहायला ट्रोम्सोला जाणाऱ्यांना काही अडचण नाही, पण स्वालबारला जाऊन नॉर्वेतून परतायचं तर दोन एंट्री लागतात. ग्रीनलँड आणि फॅरोसाठी व्हिसावर तशी वेगळी नोंद लागते. स्पेनची कॅनरी बेटं आणि पोर्तुगालची मदेइरा आणि असोरिस मात्र शेंगेनच्या आत.

१४. शेंगेन व्हिसा दाखवून आणखी कुठे जाता येतं?

सायप्रसला दोन किंवा जास्त एंट्रीचा चालू शेंगेन व्हिसा असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही, आणि तिथले दिवस शेंगेनच्या ९० मध्ये धरत नाहीत. सर्बिया, मॉन्टेनेग्रो, अल्बानिया हेही चालू शेंगेन व्हिसा असणाऱ्यांना आत घेतात, पण किती दिवस, आणि व्हिसा आधी एकदा वापरलेला हवा का, हे प्रत्येकाचं निराळं. तुर्कस्तान शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना ऑनलाइन ई-व्हिसा देतं. यातल्या कुठेही जाऊन शेंगेनमध्ये परत येणार असाल तर प्रश्न १२ वाचल्याशिवाय तिकीट काढू नका.

१५. मुलगा जर्मनीत शिकतोय. त्याला पॅरिसला जायला व्हिसा लागेल का? आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मुलीला?

मुलाकडे जर्मनीचं रेसिडेन्स परमिट किंवा दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा, म्हणजे डी व्हिसा, आहे. त्याच्यावर तो पासपोर्टसह बाकीच्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरू शकतो. जर्मनीतले दिवस यात धरत नाहीत. फिरू शकतो, दुसऱ्या देशात नोकरी करू शकत नाही.

ब्रिटनमधल्या मुलीकडे भारतीय पासपोर्ट असेल तर तिला शेंगेन व्हिसा लागतो, तिकडचं परमिट चालत नाही. ती अर्ज ब्रिटनमधूनच करू शकते. आयर्लंडमध्ये राहणाऱ्यांचंही असंच.

१६. आई-बाबांना इकडे बोलवायचं आहे. मी काय करायचं?

पाहुणे म्हणून त्यांचा नेहमीचाच शेंगेन व्हिसा, कमाल ९० दिवसांचा. खर्चाची जबाबदारी तुम्ही घेत असाल तर त्याचा अधिकृत कागद लागतो, आणि तो देशागणिक निराळा. जर्मनीत परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन ‘फेरप्फ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग’ करावा लागतो: तुमचा पगार, घर, घरात किती माणसं हे पाहून ते शिक्का देतात. फ्रान्समध्ये नगरपालिकेतून ‘आतेस्तास्यों द-अक्योय’ घ्यायचं. मूळ प्रत कुरियरने भारतात पाठवा, वेळ हातात ठेवा.

आई-बाबा परत का जाणार, हे अर्जातून दिसलं पाहिजे. घर, पेन्शन, तिकडे असलेली दुसरी भावंडं, सांभाळायला असलेली आजी, जे खरं असेल ते लिहा. आणि आईला इमिग्रेशनवर काय विचारतील ते आधी बोलून ठेवा. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा एका चिठ्ठीवर माझा पत्ता, फोन आणि ‘मुलीकडे, सहा आठवडे’ एवढं जर्मनमध्ये लिहून दिलं होतं. तिने ती चिठ्ठी पासपोर्टमध्ये ठेवून तशीच पुढे केली.

एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्यांना एक चांगली सवलत मिळाली आहे. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन ते नियमाने वापरले असतील तर दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर पाच वर्षांचा. दर वर्षी येणाऱ्या आजी-आजोबांसाठी याचा फार उपयोग आहे. कव्हर लेटरमध्ये जुन्या व्हिशांचा उल्लेख करून तो मागा.

१७. आता पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत म्हणे. ईईएस आणि एटियास काय आहे?

ईईएस म्हणजे शेंगेनच्या बाहेरच्या सीमेवरची प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद. ती १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि तारखा संगणकात जातात. आपण व्हिसाच्या वेळी बोटांचे ठसे दिलेलेच असतात. आता जादा राहिलेला एक दिवससुद्धा संगणकाला दिसतो, पुसट शिक्क्याच्या आडोशाला काही लपत नाही.

एटियास आपल्यासाठी नाही. ज्यांना व्हिसा लागत नाही, म्हणजे अमेरिकी किंवा ब्रिटिश पासपोर्ट असलेले आपले नातेवाईक, त्यांच्यासाठी ती पूर्वपरवानगी आहे. ओसीआय कार्डाचा इथे संबंध नाही, पासपोर्ट कोणता तेवढंच पाहतात.

१८. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना युरोपात विमान बदलायचंय. व्हिसा लागेल का?

एकाच विमानतळावर, आंतरराष्ट्रीय भागातूनच बाहेर न पडता विमान बदलत असाल तर बऱ्याच देशांत लागत नाही. काही देश मात्र भारतीयांना विमानतळ ट्रान्झिट व्हिसा घ्यायला लावतात, आणि ही यादी बदलत असते. चालू अमेरिकी, कॅनडाचा किंवा जपानचा व्हिसा असलेल्यांना त्यातून सूट आहे.

दोन सापळे लक्षात ठेवा. मुंबई–फ्रँकफर्ट–माद्रिद–न्यूयॉर्क अशी दोन शेंगेन विमानतळांची जोडणी असेल तर फ्रँकफर्टलाच तुम्ही शेंगेनमध्ये शिरता, तिथे साधा शेंगेन व्हिसाच लागतो. आणि दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर सामान घेऊन पुन्हा चेक-इन करायला बाहेर यावं लागतं, म्हणजे पुन्हा तेच. स्वस्तात मिळालेलं तिकीट अशाने महागात पडतं.

१९. आम्ही गोव्याचे. नवऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, माझा भारतीय. मला व्हिसा लागेल का?

लागेल, पण वेगळ्या नियमाने. नवरा युरोपियन युनियनचा नागरिक आहे. तो पोर्तुगाल सोडून दुसऱ्या सदस्य देशात जात असेल आणि तुम्ही त्याच्याबरोबर किंवा त्याच्याकडे जात असाल, तर तुमचा व्हिसा विनामूल्य आणि लवकर द्यावा लागतो. बँक स्टेटमेंट वगैरे मागायचं कारण नाही. विवाहाचा दाखला, त्याचा पासपोर्ट आणि दोघं एकत्र जात असल्याचा पुरावा पुरतो. हे तुम्ही गोव्यातून करा की इंग्लंडमधून, सारखंच. अर्जकेंद्रात फी मागितली तर कुटुंबीयांचा नियम आहे हे नम्रपणे पण ठाम सांगा.

पोर्तुगालमध्येच जायचं असेल तर हा नियम लागत नाही, कारण तो त्याचा स्वतःचा देश. तिथे नेहमीचा अर्ज. आणि तुम्ही दोघं उदाहरणार्थ आयर्लंडमध्ये राहत असाल आणि तुमच्याकडे युनियनच्या नागरिकाच्या कुटुंबीयाचं रेसिडेन्स कार्ड असेल, तर नवऱ्याबरोबर शेंगेनमध्ये फिरायला व्हिसाच नको.

भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेतल्यावर भारतीय पासपोर्टवर प्रवास करणं बेकायदा आहे, तो परत करावा लागतो.

२०. व्हिसा नाकारला. आता?

नकारासोबत एक छापील कागद येतो, त्यावर कारणापुढे खूण केलेली असते. आधी ते कारण नीट वाचा. प्रवासाचा हेतू पटला नाही, पैसे पुरेसे वाटले नाहीत, परत जाल याबद्दल शंका वाटली, ही नेहमीची कारणं. त्याच कागदावर अपील कुठे आणि किती दिवसांत करायचं तेही असतं. कागद राहून गेला असेल तर तो जोडून नवा अर्ज करणं बहुतेकदा लवकर होतं. अधिकाऱ्याने कागद चुकीचा वाचला असेल तर अपील करा. नकाराची नोंद सामायिक यंत्रणेत पाच वर्षं राहते. दुसऱ्या शेंगेन देशाकडे गेलात तरी ती दिसते.

२१. इकडे आल्यावर आई आजारी पडली, व्हिसा संपतोय. किंवा पासपोर्टच हरवला तर?

व्हिसा संपण्याआधी स्थानिक परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जा. रुग्णालयात दाखल होणं, विमानं बंद पडणं अशा आपल्या हाताबाहेरच्या कारणांसाठी मुदत फुकट वाढवून मिळते. इतर गंभीर वैयक्तिक कारणांसाठी ३० युरो पडतात. डॉक्टरांचं पत्र आणि वाढीव विमा सोबत न्या. मुदत उलटल्यावर गेलात तर तोच अर्ज दंडाचा विषय होतो.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग तिची प्रत घेऊन भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. परतीसाठी तिथे इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, ते फक्त भारतात परतण्यापुरतं चालतं. राहिलेली सहल तिथेच थांबते. पासपोर्टची आणि व्हिसाच्या पानाची प्रत घरच्यांच्या ईमेलवर असेल तर हे काम खूप लवकर होतं.

२२. लेकीसाठी घरचं तूप, पेढे आणि हापूस आणायचाय. चालेल का?

मला सर्वात जास्त वाईट वाटतं ते या प्रश्नाचं उत्तर देताना. युरोपियन युनियनबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत. तूप, पेढे, बर्फी, खवा, श्रीखंडाच्या वड्या सगळं त्यात आलं. कस्टमवाल्यांनी बॅग उघडली तर ते बाजूला काढतात आणि कचऱ्यात टाकतात. तुमच्या समोर.

हापूसला वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, पाच डझनाच्या पेटीला नव्हे, एका आंब्यालाही. २०१४ मध्ये फळमाशी सापडल्यामुळे युनियनने भारतातल्या आंब्याची आयात काही महिने बंदच केली होती, त्यामुळे आंब्याकडे लक्ष असतंच. केळी, नारळ, खजूर, अननस यांना प्रमाणपत्र लागत नाही.

चकली, चिवडा, शेव, मेतकूट, गोडा मसाला, पोहे, पापड, थालीपिठाची भाजणी बिनधास्त आणा. लाडू तेलातले असतील तर ठीक, तुपातले नको. घरगुती औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत ठेवा. आणि १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोख असेल तर उतरल्यावर ती जाहीर करावी लागते.